मार्चएंड होऊ दे

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सांगलीहून, पुस्तकाची प्रुफं तपासून देणाऱ्या मुलीचा फोन आला. "ताई, बऱ्या आहात ना? पुण्यात ऊन वाढलंय म्हणे." मी म्हटलं, हो, यंदा फार लवकर वाढलं. मग तिनं आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मग पुस्तक कसं चाललंय ते विचारलं. मग क्षणभर काहीच बोलली नाही. तेवढ्यात मला तिच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. आणि मग आवाज जरा खाली घेऊन, "ते ताई, प्रुफांचं... घाई काही नाही, पण जमलं तर." मी म्हटलं, "अगं हो, लक्षात आहे माझ्या. एवढा मार्चएंड होऊ दे, लगेच करते." ती म्हणाली, "हो हो, चालेल ना." फोन ठेवला. मी तिला द्यायचे चार हजार आठशे रुपये. नोव्हेंबरपासूनचे.

नंतर मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. तिच्या बोलण्याचा तो क्रम मला ओळखीचा वाटत होता. तब्येत, हवा, आई, पुस्तक, मग थांबणं, मग "घाई नाही". हा क्रम माझा होता. अकरा वर्षं मी लोकांना असेच फोन करत आले. सोमवारी करायचा नाही, माणसं वैतागलेली असतात. जेवणानंतर करायचा नाही. सकाळी अकराला, एक घोट पाणी पिऊन, आधी दोन वाक्यं मनात म्हणून बघून करायचा. आणि पलीकडून येणारं उत्तरही मला पाठ होतं. त्या दुपारी ते माझ्याच तोंडून निघालं, त्याच ठेक्यात, त्यातला "लगेच" तसाच थोडा लांबवून.

ते दिवसभर लागून राहिलं.

नोकरी सोडली ते २०१५ साल. घरातल्यांना "फ्रीलान्स" हा शब्द समजावण्यात पहिलं वर्ष गेलं. आत्या पाहुण्यांना सांगायची, "ही घरूनच काहीतरी लिहिते," आणि त्यातल्या "काहीतरी"त सगळं बसायचं. विम्याच्या कागदपत्रांचे अनुवाद, बियाण्यांच्या पाकिटामागचा मजकूर, वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका, मालिकांचे सबटायटल्स, एका निवृत्त कारखानदाराचं आत्मचरित्र, ज्यावर माझं नाव नाही. सुरुवातीला शब्दाला साठ पैसे मिळायचे. दर वाढवून मागायला मला तीन वर्षं लागली. मागितला त्या दिवशी समोरच्यानं एका वाक्यात हो म्हटलं, आणि मला आनंदाच्या आधी मागच्या तीन वर्षांचं वाईट वाटलं. पण या कामानं मला माझी भाषा नव्यानं दिली हेही खरं. फवारणीचं औषध किती पाण्यात किती घालायचं हे एका वाक्यात, शेतकऱ्याची चूक होणार नाही असं लिहायचं, तर विशेषणं आपोआप गळून पडतात. विम्याच्या अटी मराठीत आणताना कळतं की आपल्याकडे "जर-तर"ला किती ताकद आहे. त्या पाकिटांवर कुणाचं नाव नसतं, पण ती लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मला त्या वाचकांचा अजूनही आदर वाटतो.

हिशोबासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबडी वही केली होती. काम, पाठवल्याची तारीख, रक्कम, आल्याची तारीख. चौथा रकाना नेहमी मागे राहायचा. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक असेल, दर उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट घडते. कंपनी ३१ मार्चला आपला खर्च दाखवून मोकळी होते, टीडीएस, म्हणजे आपल्या बिलातून आधीच कापलेला कर, भरते, आणि आयकर खात्याच्या उताऱ्यात आपल्या नावावर कापलेले दहा टक्के जमा दिसतात. उरलेले नव्वद टक्के जूनमध्ये येतात, कधी ऑगस्टमध्ये. सरकारदरबारी मी पैसे कमावलेले असायचे आणि किराणा उधारीवर यायचा. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की कधीकाळी माझ्या हातात कुणाचे पैसे आले, तर मी कुणाला असं ताटकळत ठेवणार नाही. अगदी ठाम ठरवलं होतं. संध्याकाळची वेळ होती, गॅसवर चहा होता.

याच काळात कोल्हापूरकडच्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी एक लेख लिहिला. दिवाळी अंकांची ही परंपरा १९०९ पासूनची, आणि मानधनाच्या बाबतीत तिच्यात सगळे नमुने आहेत. काही अंक भरघोस देतात, काही नुसता अंक पाठवतात, काहींचा अंकही आपणच विकत घ्यायचा. या संपादकांनी लेख पोचल्याच्या चौथ्या दिवशी पाकीट पाठवलं. आत पाचशेची एक नोट, वहीच्या कागदात दुमडलेली, आणि त्याच कागदावर निळ्या शाईत दोन ओळी: लेख आवडला, मानधन अल्प आहे, गोड मानून घ्यावे. अंक निघायला अजून दोन महिने होते. जाहिराती यायच्या होत्या, कागद घ्यायचा होता, आणि गृहस्थांनी लेखकाचे पैसे सगळ्यांच्या आधी देऊन टाकले होते. पुढे एका कार्यक्रमात भेटले तेव्हा मी तो विषय काढला. ते म्हणाले, "आधी दिले की देऊन होतात बघा. नंतर द्यायचे म्हटलं की ते पैसे दुसरीकडं पाय फुटून जातात." ती नोट मी खर्च केली, करावी लागली. तो कागद मात्र लाल वहीत आहे.

प्रकाशनात पडले ती एका बाडामुळे. कराड आगारातून निवृत्त झालेले एक कंडक्टर, कराड-चिपळूण गाडीवर त्यांची बरीचशी नोकरी झाली. कोयना, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी. ड्यूटी संपल्यावर रद्दी वेबिलांच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदांच्या, पाठीवर ते लिहीत गेले. कुणाच्या तरी ओळखीनं ते बाड माझ्याकडे "जरा भाषा बघून द्या" म्हणून आलं. मी नेहमीसारखी पेन्सिल घेऊन बसले, आणि चाळीस पानं झाली तरी पेन्सिल टेकली नव्हती. मुक्कामाची गाडी ज्या गावात थांबायची तिथल्या देवळाच्या ओट्यावर पेटी उशाला घेऊन झोपणं. पावसाळ्यात घाटात गाडी बंद पडल्यावर उतारूंनी आपापले डबे सोडून केलेली पंगत. माहेरी निघालेली, तिकिटाला आठ आणे कमी पडणारी बाई, आणि ते आठ आणे आपल्या खिशातून घालताना तिच्याकडे न बघणं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल, कोयनेच्या भूकंपाबद्दल, फक्त चार ओळी आहेत. ते तेव्हा आठ वर्षांचे. आईनं सगळ्यांना ओढून शेतात बसवलं, आणि उजाडेपर्यंत त्यांच्या मांडीवर एक कोंबडी होती, एवढंच. पुढे वाक्य नाही. मी तिथे बाड बंद केलं आणि बाहेर जाऊन आले.

दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी म्हणाले, चांगलं आहे पण चालणार नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, लेखकानं तीनशे प्रती घ्याव्यात. कंडक्टरकाकांना हे मी सांगूच शकले नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी काढते. तो म्हणाला, काढ. मग पुढे दोघंही काही बोललो नाही, कारण दोघांनाही आकडे येतात.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाला, पैसे लागत नाहीत, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. नंबर आल्यावर मी काकांना फोनवर वाचून दाखवला, तेरा आकडे. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बिल्ला मिळाला म्हणायचा पुस्तकाला." पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत चार प्रती चार ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायच्या असतात: कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई. बरेच जण हा उपद्व्याप समजतात. मी ती चार पाकिटं एकेक करून बांधली, पत्ते हातानं लिहिले. कराड आगारातल्या वेबिलांच्या पाठीवरचा मजकूर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन राहणार, मी असेन-नसेन तरी तो तिथे असेल, या विचारानं पोस्टाच्या रांगेत माझे डोळे भरून आले होते.

आता आकडे सांगते, कारण माझ्या मनातली सगळी गाठ तिथेच आहे. डेमी आकार, १९२ पानं, म्हणजे सोळा पानांचे बारा फर्मे. सत्तर जीएसएमचा नॅचरल शेड कागद, ५०० प्रती. कागद, छपाई, बांधणी धरून प्रतीला ७५ रुपये, म्हणजे ३७,५००. अक्षरजुळणी पानाला ४० प्रमाणे ७,६८०. मुखपृष्ठाचे ८,०००. प्रुफं दोन वाचनांची मिळून पानाला २५, म्हणजे ४,८००. एकूण ५७,९८०. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागद-छपाईवर जो भरतो तो परतही मिळत नाही, तो याच ७५ मध्ये मुरला. किंमत ठेवली २८०. वितरकाला ४५ टक्के सूट दिली की हातात १५४ येतात. त्यातून लेखकाची १० टक्के रॉयल्टी, २८ रुपये, बाजूला काढली की १२६ उरतात. म्हणजे सगळ्या प्रती दुकानांतून गेल्या असं धरलं तर ४६० व्या प्रतीपर्यंत मी फक्त घातलेले पैसे परत मिळवत असते. उरल्या चाळीस, त्यातल्या चार त्या ग्रंथालयांच्या, पंधरा-वीस परीक्षणासाठी. आणि वितरकाचा हिशोब होतो मार्चअखेरीस. ग्रंथालयांची खरेदीही अनुदान आलं की याच सुमाराला. माझी अनुवादाची बिलंही याच सुमाराला. सगळे एकमेकांच्या मार्चएंडकडे डोळे लावून बसलेले.

आकड्यांचं हे गणित मी लेखक असताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पलीकडच्या माणसांबद्दल माझ्या मनात जो कडवटपणा साठला, त्यातला थोडा कमी झाला असता. थोडाच.

आता सांगलीच्या मुलीबद्दल. ती एम.ए. मराठी आहे, घरी शिकवण्या घेते, प्रुफं वाचते. बाडाचा काही भाग काकांच्या पुतण्यानं पूर्वीच एका जुन्या फाँटमध्ये टाइप करून ठेवला होता. तो युनिकोडमध्ये आणताना पापणीसारखा दिसणारा अर्धा र, ऱ्या-ऱ्हामधला, सगळीकडे रफार होऊन बसला. "पायऱ्या"च्या "पायर्या", "दुसऱ्या"चं "दुसर्या", कऱ्हाडचं "कर्हाड". एका झटक्यात सगळं बदलायची सोय नव्हती, कारण मग "कार्यालय"चं "काऱ्यालय" झालं असतं. मी डोळे फुटेस्तोवर बसून दुरुस्त केलं आणि सगळं झालं असं समजून फायनल प्रुफं तिला पाठवली. तिनं आणखी एकोणीस जागा काढल्या. त्यातली एक शेवटच्या फर्म्यात होती. काकांचं वाक्य असं आहे: "धुकं उतरलं की समोर नुसत्या दऱ्या." माझ्या प्रुफात "नुसत्या दर्या" होतं. तिनं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "ताई, कुंभार्ली घाटात समुद्र कुठून आला?" आणि खाली बारीक अक्षरात, "पण वाक्य फार सुंदर आहे. दोनदा वाचलं."

प्रुफं वाचणारं माणूस चूक शोधायला बसलेलं असतं. त्यानं थांबून वाक्य दोनदा वाचावं, ही गोष्ट मला पंचवीस रुपये पानाच्या कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

धायरीच्या छापखान्यात मी दोन दिवस जाऊन बसले होते. लांब टेबलावर बारा फर्म्यांचे बारा गठ्ठे, आणि तीन बायका ओळीनं चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलत शेवटाला पोचतात, की एक पुस्तक होतं. मग पुन्हा पहिल्या गठ्ठ्याशी. अंगठ्याला रबराची टोपी. ओल्या शाईचा वास आणि बाइंडिंगच्या गरम डिंकाचा वास एकमेकांत मिसळून घशाशी बसतो. त्यातल्या एकीनं चालता चालता विचारलं, "कशाचं पुस्तक हाय?" मी म्हटलं, एसटीतल्या कंडक्टरचं. ती थांबली, हातातल्या फर्म्याकडे बघितलं, म्हणाली, "आमच्या गावाला मुक्कामाची गाडी यायची," आणि पुन्हा चालू लागली.

जानेवारीत साताऱ्याला ९९ वं साहित्य संमेलन झालं, तिथे ओळखीच्या एका प्रकाशकानं मला त्याच्या गाळ्यात अर्धं टेबल दिलं. काका रोज कराडहून एसटीनं यायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. साठेक प्रती तिथे गेल्या. निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर यायचे, पुस्तक उघडायच्या आधी काकांशी आगारांची उजळणी करायचे. एकानं फोटो काढून घेतला, पुस्तक घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला आणि दोन घेतली. बाकीच्या प्रती मी घरून पाठवते. मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून दर, आणि आमचं पुस्तक पाकिटासकट त्यात बसतं. सकाळी पाकिटं, दुपारी विम्याचा अनुवाद, रात्री पुढच्या पुस्तकाचं संपादन. अनुवादाच्या पैशावर प्रकाशन चालतं हे उघड आहे. उलटंही काहीतरी होतं. दिवसभर एखाद्या पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत घालवल्यावर रात्री त्या बाडातल्यासारखी पानं समोर असतील, तर माणूस टिकतो.

त्या रात्री, म्हणजे फोन आला त्या रात्री, मी लाल वही काढली आणि बँकेचं खातंही उघडलं. आणि जे मला दुपारी खिडकीत उभं असताना आतून माहीत होतं ते समोर दिसलं. पैसे नव्हते असं नव्हतं. खात्यात पंधरा हजारांच्या वर होते. ते मी दुसऱ्या पुस्तकाच्या कागदासाठी राखून ठेवले होते. कागदवाला आगाऊ घेतल्याशिवाय रीम सोडत नाही. छापखान्याला निम्मे आधी लागतात. मुखपृष्ठाचा चित्रकार पैसे मिळेपर्यंत मूळ फाइल देत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या सगळ्यांना मी वेळेवर दिले होते. थांबवलं होतं फक्त तिला. कारण तिनं काम आधी देऊन टाकलं होतं, आणि कारण ती "चालेल ना" म्हणणार हे मला ठाऊक होतं. तिच्याजागी मी असताना मीही तेच म्हणत होते, म्हणूनच ठाऊक होतं. अकरा वर्षं ज्यांनी मला थांबवलं त्यांच्यातल्या कितीजणांच्या खात्यात तेव्हा पैसे होते, कुणाला माहीत. पण त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं की ते कसं घडतं. कुणी कुणाला बुडवायचं ठरवत नाही. ज्याचा आवाज सगळ्यांत मऊ, तो रांगेत शेवटी जातो.

काकांच्या पुस्तकात एक पान आहे. ड्यूटी संपली की आगारात जाऊन वेबिल आणि पेटीतली रोकड जुळवायची, कमी भरली तर आपल्या खिशातून घालायची, आणि मगच घरी जायचं. एकदा मुलगा तापानं फणफणला होता, घरून निरोप आलेला, आणि हिशोबात अकरा रुपये लागत नव्हते. खिशात तेवढे नव्हते. ड्रायव्हरनं घातले. काका पुढे लिहितात, "दुसऱ्या दिवशी आधी त्याचे अकरा रुपये दिले मग पेटी घेतली." मी हे वाक्य संपादताना "रुपये दिले" नंतर स्वल्पविराम घातला होता. सांगलीच्या मुलीनं तो काढून समासात लिहिलं होतं, "इथे थांबू नये असं वाटतं."

पावणेबारा झाले होते. मी पैसे पाठवले. खाली लिहिलं, "उशीर झाला. माझी चूक." सकाळी तिचा निरोप: "अहो ताई, मार्चएंडला चाललं असतं." त्यावर काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. कागद वीस दिवस उशिरा आला. दुसरं पुस्तक मेमध्ये निघायचं ते जूनवर गेलं. त्याच्या लेखिकेला मी कारण खरं खरं सांगितलं. ती थोडी नाराज झाली, ते स्वाभाविक होतं.

लाल वही आता मी दोन्हीकडून लिहिते. पुढून येणं, मागून देणं. मागच्या बाजूला पहिल्या पानावर तो कोल्हापूरचा कागद चिकटवला आहे. दोन्ही बाजूंची पानं मधे कुठेतरी भेटतील, अजून बरीच कोरी आहेत. मागच्या बाजूचा चौथा रकाना आत्तापर्यंत भरत आले आहे. दर महिन्याला जमेलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मागच्या महिन्यात एक दिवस असा आला की अक्षरजुळणीवाल्याला फोन करून मीच सांगितलं, "परवा देते, आज खात्यात नाहीत." त्यानं विचारण्याच्या आधी. फोन करताना एक घोट पाणी प्यावं लागलं.

काल सांगलीहून फोन आला. दुसऱ्या पुस्तकाची प्रुफं तिच्याकडे गेली आहेत. मी उचलला तेव्हा तिनं ना तब्येत विचारली, ना पाऊस.

"ताई, पान त्रेचाळीस काढा. इथे 'वळचण' हवंय का 'पागोळी'?"